दुपारी ३३, सकाळी २९: टायरमधल्या हवेचा कोणता आकडा खरा धरायचा?

मधली_लेन

टायर २०५/५५ आर१६, ट्यूबलेस, अलॉय रिम. दारावरच्या स्टिकरवर दोन माणसांसाठी चारही चाकांना ३३ पीएसआय आणि पूर्ण भाराला पुढे ३५, मागे ३९ असं दिलं आहे. टायरच्या बाजूवर मात्र ‘कमाल ५१ पीएसआय’ असं कोरलेलं आहे.

काल दुपारी हायवेवरून उतरल्या उतरल्या पेट्रोल पंपावर चारही टायर ३३ ला भरून घेतले. आज सकाळी गाडी हलवण्याआधी स्वतःच्या डिजिटल गेजने पाहिलं, तर पुढचे दोन्ही २९, मागचा उजवा २९ आणि मागचा डावा २६. बाहेर १६ अंश होते. गाडी सुरू करताच टायरचा पिवळा दिवा लागला आणि पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर आपोआप विझला. डॅशबोर्डवर दाबाचे आकडे दिसत नाहीत, फक्त हा दिवा आहे.

पंपाचं मशीन चुकतंय की माझं गेज? सकाळचा आकडा धरायचा की दुपारचा? दिवा विझला म्हणजे भागलं का? आणि मोबाइलवर आकडे दाखवणाऱ्या, व्हॉल्व्हवर बसवायच्या सेन्सरच्या टोप्या मिळतात, त्या घ्याव्यात का?

नट_बोल्ट

पंप आणि गेज दोघांनाही तूर्त मोकळं सोडा. चारपैकी तीन टायरचा हिशेब नुसत्या तापमानावर मिटतो.

गेज दाखवतं तो दाब बाहेरच्या हवेच्या दाबावरचा असतो. हिशेबाला आतला पूर्ण दाब लागतो, म्हणजे ३३ अधिक वातावरणाचे १४.७, एकूण ४७.७. टायरचं आकारमान फारसं बदलत नाही, त्यामुळे हा पूर्ण दाब केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात वर-खाली होतो. हायवेवरून आलेल्या टायरमधली हवा ४५ अंशांपर्यंत तापलेली धरली तर ते ३१८ केल्व्हिन. सकाळचे १६ अंश म्हणजे २८९. ४७.७ गुणिले २८९ भागिले ३१८ म्हणजे ४३.३५, त्यातून १४.७ वजा केले की उरतात २८.६५. तुमचं गेज २९ दाखवतंय. तेव्हा ते बरोबर असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्या तीन टायरमधून हवा कुठेही गेलेली नाही. ती थंड झाली, इतकंच.

एवढी आकडेमोड रोज कोण करणार? कारच्या नेहमीच्या दाबाला १० अंशांच्या फरकाने साधारण दीड पीएसआय बदलतो, हे ध्यानात ठेवलं की पुरे.

आता कोणता आकडा धरायचा ते. स्टिकरवरचा दाब थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे किंवा सकाळपासून जेमतेम दीड-दोन किलोमीटर, तेही सावकाश चालली आहे. हातावर घेऊ नका, टायर हाताला गार लागतो तेव्हाही आतली हवा कोमट असू शकते. उन्हात उभ्या गाडीची उन्हाकडची दोन चाकं सावलीतल्या चाकांपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतात. तेवढ्यावरून ‘एका बाजूची हवा कमी आहे’ म्हणून ती भरायला जाऊ नका.

तुम्ही गरम टायर ३३ ला भरले, म्हणजे प्रत्यक्षात चार पीएसआय कमी भरले. गरम असतानाच भरावं लागलं तर स्टिकरपेक्षा ४ जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना नेमकं करा. उलटी चूक याहून वाईट, आणि ती सर्रास होते: प्रवासात थांबल्यावर गेज लावलं, ३८ दिसले, ‘जास्त झाली’ म्हणून ३३ वर आणली. थंड ३३ चा टायर हायवेवर चार ते सहा पीएसआय वर जाणारच, स्टिकरचा आकडा ते गृहीत धरूनच दिलेला असतो. गरम टायरची हवा काढू नका. त्याने बाजू जास्त वाकतात, टायर आणखी तापतो, दाब परत चढतो आणि तुम्ही पुन्हा काढता.

‘थंड’ दुपारीही असतो आणि सकाळीही. गाडी दिवसभर सावलीत उभी आहे, बाहेर ३४ आहेत आणि तुम्ही ३३ भरले, तर १६ अंशांच्या पहाटे तोच टायर तीसच्या जरासा वर दिसेल. म्हणून शक्यतो सकाळी भरा. दुपारीच जमत असेल तर सकाळ-दुपारच्या तापमानातला फरक पाहून दोनेक पीएसआय वाढवून ठेवा.

५१ चा आकडा विसरा. तो टायर बनवणाऱ्याने टायरपुरती सांगितलेली कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीचं वजन त्याला ठाऊक नसतं. गाडीचा आकडा दारावर, दाराच्या खांबावर नाहीतर इंधनाच्या झाकणाच्या आत असतो.

मागचा डावा मात्र या हिशेबात बसत नाही. इतर तिघांपेक्षा ३ जास्त उतरलाय. त्याच्यावर लक्ष ठेवा.

काटेकोर

नट_बोल्ट यांनी तापमानाचं सांगितलं, मी गेजचं सांगतो. दोन्ही चुका एकाच दिशेने पडल्या तर पाच-सहा पीएसआयचा घोटाळा सहज होतो.

काट्याच्या गेजमध्ये पितळेची वाकवलेली चपटी नळी असते, दाब आला की ती उलगडू पाहते आणि काटा फिरवते. हे गेज खाली आपटलं की नळीला कायमचा बाक येतो. पुढे ते दर वेळी तितकंच चुकतं आणि चुकतंय हे कळतही नाही. म्हणून रबरी आवरण असलेलं घ्या आणि टूलकिटमध्ये पान्यांखाली दडपू नका.

गेजचा पट्टा, म्हणजे शून्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंतची मजल, किती मोठा याकडे लोक पाहतच नाहीत. अशा गेजच्या अचूकतेच्या प्रचलित ‘बी’ श्रेणीत पट्ट्याच्या मधल्या अर्ध्या भागात पूर्ण पट्ट्याच्या २ टक्के आणि दोन्ही टोकांच्या पाव-पाव भागांत ३ टक्के चूक चालते. ० ते ६० च्या गेजवर ३३ हा आकडा मधोमध येतो, म्हणजे चूक फार तर १.२ पीएसआय. ० ते १५० च्या गेजवर तोच ३३ खालच्या पाव भागात पडतो आणि ३ टक्के म्हणजे ४.५ पीएसआय! दोन्ही गेज आपापल्या श्रेणीत पास, पण कारसाठी दुसरं निरुपयोगी. ट्रकचे टायर भरणाऱ्या ठिकाणी हमखास हे मोठ्या पट्ट्याचं गेज असतं.

डिजिटलवर दशांश दिसतो म्हणून तो दशांशापर्यंत बरोबर असतो असं नाही. ०.१ दाखवणारं गेज एका पीएसआयने चुकीचं असू शकतं. ते मोकळ्या हवेतच चालू करा, शून्य दिसू दे, मग व्हॉल्व्हवर लावा. बॅटरी उतरत आली की बरीच डिजिटल गेज आधी चुकीचं सांगतात आणि मग बंद पडतात.

लावायची पद्धतही सांगतो. टोपी काढा, व्हॉल्व्हच्या तोंडातली धूळ पुसा, गेज सरळ धरून एका दमात घट्ट दाबा. फुस्स असा आवाज येत राहिला तर ते माप धरू नका, तोंड नीट बसलेलं नाही. तीनदा मोजा. दोन मापं ३२.५, ३३ आणि एक ३० आलं तर सरासरी काढत बसू नका. नीट न बसलेलं गेज कमीच दाखवतं, म्हणून ३० सोडून द्या.

‘सारखं मोजलं की हवा जाते’ ही भीती सायकलच्या बारीक टायरला ठीक. तुमच्या टायरमध्ये साधारण ३० लिटर जागा आहे आणि गेजच्या नळीत मावते आठ-दहा मिलिलिटर. एका मापाला शंभराव्या भागाएवढा पीएसआयही धड जात नाही.

तुमचं गेज खरं आहे का हे पाहायचं तर एकाच थंड टायरला पाच मिनिटांच्या आत दोन-तीन वेगळी गेज लावा. तुमचं दर वेळी १ कमी दाखवत असेल तर तशी चिठ्ठी त्यालाच चिकटवा आणि वापरत राहा. नेहमी तितकंच चुकणाऱ्या गेजशी जमवून घेता येतं. दर वेळी वेगळं चुकणारं फेकून द्यावं.

छोटे कॉम्प्रेसर: पंप चालू असताना पडद्यावर दिसतो तो दाब नळीतला असतो, टायरमधला नव्हे. हवा वाहत असताना नळीतला दाब जास्तच असतो. त्यामुळे ‘३३ ला आपोआप बंद’ झालेलं मशीन टायर ३१ वर सोडू शकतं. बंद झाल्यावर आकडा स्थिर होऊ द्या, मग वेगळ्या गेजने बघा. मला सोपं वाटतं ते असं: एक-दोन पीएसआय जास्त भरायची आणि व्हॉल्व्हमधली पिन सेकंदभर दाबून, मोजून, पुन्हा दाबून ३३ वर आणायची. थंड टायरची जास्तीची हवा काढायला काहीच हरकत नाही, वर मनाई आहे ती गरम टायरची.

मशीन बारमध्ये असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय किंवा १०० किलोपास्कल, ३३ पीएसआय म्हणजे जवळपास २.३ बार. किलो प्रति चौरस सेंटिमीटरचा काटा असेल तर एक किलो म्हणजे १४.२ पीएसआय. तो बारच्या जवळ असला तरी बार नव्हे.

मधली_लेन

हिशेब पटला. उद्या सकाळी चारही ३३ ला आणतो. पण मागच्या डाव्यामुळे दिवा लागला असेल तर तो विझला कसा? हवा तर मी भरली नव्हती. गाडीत टायरसाठी रीसेटचं बटण किंवा मेन्यूही सापडला नाही.

पहारा

दिवा आपोआप विझला आणि रीसेटची सोय नाही, यावरून तुमच्या गाडीत थेट मोजणारी टीपीएमएस, म्हणजे टायरच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा, आहे असं समजा. म्हणजे प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मुळाशी एक सेन्सर आहे आणि तो दाब व तापमान मोजून ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर पाठवतो. गाडी आकडे दाखवत नाही, पण तिला ते मिळतात.

दिवा कधी लागतो? अमेरिकेच्या नियमात स्टिकरच्या दाबापेक्षा २५ टक्के उतरल्यावर. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना टीपीएमएस लागते. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला लागते आणि तिथली मर्यादा २० टक्क्यांची आहे. ३३ चे २० टक्के गेले की उरतात २६.४. तुमचा टायर २६ वर होता, दिवा लागला. चालवल्यावर टायर तापला, २९-३० झाला, दिवा विझला. म्हणजे दिव्याचं काही चुकलं नाही. पण तो विझला तेव्हा हवा पुरेशी झाली होती असंही नाही, थंड टायरमध्ये २६ च होते. आणि तुमचे बाकीचे तीन टायर २९ वर, म्हणजे १२ टक्के कमी हवेवर चालले तेव्हा दिवा गप्पच होता. दिवा धोक्याची पातळी सांगतो. महिन्यातून एकदा गेज लावण्याचं काम त्याने सुटत नाही.

थंडीच्या पहाटे लागून नंतर विझणारा दिवा बहुतेक वेळा हेच सांगत असतो: चारपैकी कोणीतरी काठावर आहे.

दुसरा प्रकार अप्रत्यक्ष. त्यात चाकात काहीच नसतं. एबीएसचे सेन्सर चाकांचा वेग मोजतातच. हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या किंचित घटते आणि ते चाक इतरांपेक्षा थोडं जास्त फिरतं. हा फरक काही दशांश टक्क्यांचा असतो, म्हणून निष्कर्षाला थोडं अंतर चालावं लागतं. सोबत टायरच्या कंपनांचाही अभ्यास काही गाड्यांत होतो. अशा गाडीत रीसेट असतं, आणि खरी गडबड तिथेच होते. रीसेट म्हणजे ‘आत्ता आहे तो दाब बरोबर आहे असं समज’. दिवा लागला, हवा न भरताच रीसेट दाबलं, तर २६ हाच त्या गाडीचा नेहमीचा दाब झाला. थंड टायर मोजून, भरून, मगच रीसेट. टायर बदलले, चाकांची अदलाबदल केली, भारासाठी दाब वाढवला, तेव्हाही पुन्हा. चारही टायर महिनोन्‌महिने सारखेच उतरत गेले तर नुसती चाकांची तुलना करणाऱ्या यंत्रणेला ते कळणंच अवघड.

दिवा आधी मिनिटभर, ६० ते ९० सेकंद, लुकलुकला आणि मग स्थिर राहिला तर ती हवेची तक्रार नव्हे. यंत्रणाच बिघडली आहे. बहुधा एखाद्या सेन्सरची बॅटरी संपलेली असते. ती राळेत बंद असते, बदलता येत नाही, सेन्सरच नवा घ्यावा लागतो. साधारण पाच ते दहा वर्षं चालते. सात-आठ वर्षांच्या गाडीला नवे टायर घालताना चारही सेन्सर बदलून घेणं शहाणपणाचं, कारण नंतर एकेका सेन्सरसाठी टायर पुन्हा उतरवावा लागतो.

सेन्सर बॅटरी वाचवण्यासाठी उभ्या गाडीत झोपलेला असतो आणि चाक फिरू लागलं की नियमित बोलतो. त्यामुळे ज्या गाड्यांत आकडे दिसतात त्यांतही सुरुवातीला रेघा किंवा कालचे आकडे दिसू शकतात. हवा भरून दिवा लगेच विझला नाही तर घाबरू नका, काही किलोमीटर चालवा.

आता त्या मोबाइलवाल्या टोप्या. तत्त्व ठीक आहे, अडचण बसवण्यात आहे. ही टोपी व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवते, म्हणजे व्हॉल्व्ह कायम उघडा आणि हवा अडवायला फक्त टोपीतली रबरी रिंग. ती तिरकी बसली तर हवेवर नजर ठेवणारी वस्तूच हवा सोडते. बसवल्यावर साबणाचं पाणी लावून पाहिल्याशिवाय गाडी काढू नका. दुसरं, वजन. तुमच्या मापाच्या चाकावर, १०० किमीच्या वेगाला, १० ग्रॅमची टोपी व्हॉल्व्हला बाहेरच्या बाजूला दीड किलोच्या जोराने ओढते. जुन्या रबरी व्हॉल्व्हची देठं याने मुळाशी चिरतात. बसवायच्याच असतील तर व्हॉल्व्ह नवे किंवा धातूचे घ्या आणि चाकांचं बॅलन्सिंग करा.

तुमच्या गाडीत मात्र आत सेन्सर आहेतच. व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचे असतील तर त्यावर पितळी आट्यांची कोणतीही टोपी चढवू नका. ओलाव्यात दोन धातू एकमेकांना खातात, टोपी चिकटून बसते आणि जोर लावला की व्हॉल्व्हच तुटतो, सेन्सरसकट. मूळच्या प्लास्टिकच्या टोप्याच चांगल्या. आकडे पाहायचे असतील तर टायरच्या दुकानातलं टीपीएमएस टूल प्रत्येक चाकाजवळ धरून सेन्सर जागा करता येतो आणि दाब, तापमान, बॅटरीची स्थिती वाचता येते. टूलचा आकडा आणि तुमच्या गेजचा आकडा जुळवून पाहायलाही ही चांगली संधी.

नट_बोल्ट

मागच्या डाव्याकडे येऊ. चांगल्या टायरमधूनही रबराच्या अंगातून महिन्याला एक-दोन पीएसआय जातात, ते चालायचंच. आठवड्याला एक जात असेल तर गळती शोधा. तुमचे ३ एका रात्रीत गेले असतील तर खिळ्याची शक्यता मोठी. पण पंपावर तो टायर मुळात ३३ ला पोचलाच नसेल, हेही शक्य आहे. म्हणून उद्या चारही ३३ ला आणा आणि परवा सकाळी फक्त मोजा, भरू नका. चारही सारखे उतरले तर तापमान. एकच उतरला तर गळती.

शोधताना भांड्यांचा साबण पाण्यात दाटसर कालवा, फवाऱ्याने किंवा ब्रशने लावा. टायर ३३ वर असू दे, १५ वर असलेल्या टायरमधल्या बारीक गळतीला बुडबुडा काढण्याइतका जोर नसतो. पहिल्यांदा व्हॉल्व्हचं तोंड, टोपी काढून. तिथे बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल किंवा खराब. मग व्हॉल्व्हचं मूळ, देठ बोटाने चारी बाजूंना हलकं वाकवत, कारण रबरातली चीर वाकवल्यावरच उघडते. नंतर टायरचा रस्त्याला लागणारा भाग, आणि तो पूर्ण पाहायचा तर गाडी अर्धं चाक पुढे घ्यावी लागते, नेमका खिळा खाली दबलेला असतो. शेवटी रिम आणि टायर जिथे भेटतात ती बीडची रेघ, बाहेरूनही आणि आतूनही.

आतली बाजू लोक टाळतात. अलॉय रिमची मंद गळती पुष्कळदा तिथेच असते. चाक काढून आडवं ठेवा, बीडच्या खाचेत साबणाचं पाणी भरून पाच मिनिटं थांबा. मोठी गळती ताबडतोब बुडबुडे काढते. मंद गळतीचा नुसता पांढरा बारीक फेस जमतो, तो पाहायला धीर लागतो. सापडली की खडूने टायरवर आणि रिमवर एकाच रेषेत खूण करा.

पिन बदलायची तर जॅक लावून चाक उचला, मगच पिन काढा. पिन निघाली की हवा झपाट्याने जाते आणि गाडीच्या वजनाखाली बीड रिमवरून सुटला तर छोट्या कॉम्प्रेसरने तो परत बसत नाही. टीपीएमएसच्या ॲल्युमिनियम व्हॉल्व्हला निकेलचा मुलामा असलेली पिनच घाला, साधी पितळी आत गंजून अडकते. बोटांनी घट्ट झाल्यावर अगदी किंचित फिरवा. जास्त आवळली तर रबरी सील दबून तीच गळू लागते.

खिळा सापडला तर उपटू नका, टायरवाल्यापर्यंत तोच बूच आहे. रस्त्याला लागणाऱ्या भागातलं ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक दुरुस्त होतं, खांद्याच्या आणि बाजूच्या भागातलं नाही. दुरुस्ती आतून व्हायला हवी, टायर उतरवून, बूच आणि पॅच दोन्ही. टायर उतरवल्यावर आत काळी रबराची भुकटी किंवा बाजूवर गोल घासल्याची पट्टी दिसली तर तो टायर कमी हवेवर बराच चाललेला आहे. तो बाद. मग भोक कितीही छोटं असो.

बाटलीतलं पंक्चरचं द्रावण गाडी घरी आणण्यापुरतं. सेन्सरचं मोजायचं छिद्र त्याने बुजू शकतं. वापरलंत तर टायरवाल्याला आधी सांगा, म्हणजे तो सेन्सर पुसून घेईल.

उतार_वळण

इतकं मोजत बसण्यापेक्षा सरळ ३६-३७ ठेवावी आणि नायट्रोजन भरावा. गाडी हलकी पळते, पावसात पाण्यावर तरंगत नाही, गरम होऊन दाब वाढत नाही.

काटेकोर

तीन मुद्दे आहेत आणि तिन्हींत थोडं खरं आहे.

नायट्रोजनही तापल्यावर हवेसारखाच वाढतो. वायूचा नियम दोघांना एकच, आणि साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फायदा आहे तो कोरडेपणाचा. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी टायरमध्ये गेलं तर तापल्यावर त्याच्या वाफेने दाब अनियमित वाढतो आणि रिम आतून गंजते. शिवाय ऑक्सिजन रबरातून लवकर निसटतो, म्हणून नायट्रोजन भरलेला टायर थोडा सावकाश उतरतो. पण थंड सकाळी तोही १० अंशांना दीड पीएसआय उतरणार, खिळा लागला तर तोही जाणार. मिळाला तर भरा, कमी पडल्यावर वर साधी हवा घातली तरी काही बिघडत नाही. नायट्रोजनसाठी हवा कमी असताना थांबून राहणं मात्र चूक.

पाण्यावर तरंगण्याचं सूत्र नासाने १९६३ साली विमानांच्या टायरसाठी मांडलं. ज्या वेगाला टायर तरंगू लागतो तो वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो. त्याप्रमाणे २५ पीएसआयला ८३ आणि ३६ ला १०० किमी प्रतितास येतात. पाणी खाचांपेक्षा खोल असतानाचं हे गणित आहे, तेव्हा कारला हे आकडे जसेच्या तसे लावू नका, पण दिशा खरी आहे: कमी हवा पावसात धोक्याची. यावरून ‘जास्त भरली की चांगलं’ असं निघत नाही. खाचा झिजलेला टायर ३७ वरही तरंगतो.

आणि ३६-३७. स्टिकरपेक्षा दोन जास्त चालतात, चार कायमचे ठेवले तर मधला पट्टा आधी झिजतो, खड्ड्यात रिमला जास्त मार बसतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. इंधनाचा फायदा म्हणाल तर तो खरा असतो कमी हवा दुरुस्त करण्यात: चारही टायरचा सरासरी दाब १ पीएसआयने उतरला की सुमारे ०.२ टक्का इंधन जास्त लागतं. २९ चे ३३ केले तर पाऊण टक्का वाचेल. ३३ चे ३७ करून तितकंच वाचेल असं नाही. भार असेल तर मात्र स्टिकरचाच दुसरा आकडा वापरा, मागे ३९, आणि भार उतरल्यावर परत ३३.

टायर बदलून ‘एक्सएल’, म्हणजे जादा भाराचे, घेतले तर एक अपवाद. त्यांची पूर्ण भारक्षमता साध्या टायरच्या २.५ बारऐवजी २.९ बारला गाठली जाते. तुमच्या मापात साधा ९१ भारांकाचा टायर २.५ बारला ६१५ किलो उचलतो. ९४ एक्सएल २.९ ला ६७० उचलतो, पण २.५ ला मात्र ६०० च्याही खाली. तिथे दीड-दोन पीएसआय वाढवणं रास्त.

मधली_लेन

आकडे आले. काल सकाळी चारही ३३. आज १७ अंशांना तीन टायर ३३ आणि मागचा डावा ३१.५. व्हॉल्व्ह कोरडा, रस्त्याकडच्या भागात काही नाही. चाक काढून आडवं ठेवल्यावर आतल्या बाजूच्या बीडवर बोटभर लांबीचा पांढरा फेस. टायर उतरवताना काय बघून घ्यायचं? आणि छोटी स्टेपनी आहे, तिच्यात किती?

नट_बोल्ट

दिवसाला दीड पीएसआय. टायरवाल्यापर्यंत खुशाल चालवत जा, पण लांबच्या प्रवासाला नको.

तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य ‘चाकात सेन्सर आहे’ हे असू द्या. बीड सोडवणारी मशीनची फळी व्हॉल्व्हच्या जवळ लावली तर सेन्सर फुटतो. खडूची खूण दाखवा. फेसाच्या जागी रिमवर पांढरट खरखरीत गंज किंवा रंगाचे सुटलेले पापुद्रे असतील. ते तारेच्या ब्रशने किंवा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत होईपर्यंत काढायचे, धातूत खोल ओरखडे न पाडता. टायरचा बीडही पुसून घ्यायचा, त्यावर जुन्या रंगाचे कण चिकटलेले असतात आणि तेवढ्यानेही गळती परत येते. साफ केल्यावर बीड सीलरचा पातळ थर. सीलर गंजावरच थापला तर काही महिन्यांत फेस पुन्हा तिथेच. रिमची कड वाकलेली आहे का तेही चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरवून पाहायला सांगा, वाकलेल्या कडेला सीलर पुरत नाही.

टायर निघालाच आहे तर त्या व्हॉल्व्हचं रबरी सील, नट, पिन आणि टोपी असा सर्व्हिस किट बदलून घ्या. रबरी देठाचा व्हॉल्व्ह असेल तर देठच नवा. चाक पुन्हा बॅलन्स करायचं.

छोट्या तात्पुरत्या स्टेपनीत ६० पीएसआय म्हणजे ४.२ बार असतात, तिच्यावरच कोरलेलं असतं. इतका दाब तीसच्या आसपास वापरायच्या पेनसारख्या गेजवर मावणार नाही, मोठ्या पट्ट्याचं गेज इथे मात्र उपयोगी. ती डिकीत पडून पडून उतरते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पाहा. गरजेला ४० वर सापडली तर तिचा उपयोग नाही. पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर तिच्यात भाराचा, मागचा ३९ हा आकडा ठेवा. हवा काढून ३३ करणं रस्त्यात जमतं, भरणं जमत नाही.

चाक लावल्यावर दुसऱ्या सकाळी मोजा, मग आठवड्याने. प्रत्येक मापाशेजारी बाहेरचं तापमान लिहा. आठवड्यानंतर १२ अंशांना ३२ दिसले तर सीलर नीट बसला आहे, २० अंशांना ३२ दिसले तर परत जा.